नातेवाइकांनी बोलू नये

ताईला स्वतःच्या स्वेटरचं बटण लावता येत नाही, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक मी, आणि दुसरी रोज सकाळी तिच्याकडे येणारी मदतनीस बाई. आम्हा दोघांनाही कोणी विचारलं नाही. विचारायचं नाही असा नियमच होता, आणि तो नियम मी केला होता. गोष्ट खरं तर एवढीच आहे. पण एवढ्यात सांगून मोकळं व्हावं, इतकी सवलत स्वतःला द्यायची माझी तयारी नाही.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि ताई नुकतीच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली होती. तिनं मला वाढवलं, शिकवलं, माझ्या शाळेत पालक म्हणून सही करायला येऊन बसली. मला सरकारच्या मदत विभागात नोकरी लागली तेव्हा माझ्यापेक्षा तिलाच जास्त तोरा चढला. तेव्हापासून ती मला 'साहेब' म्हणायची, अर्धं कौतुकानं, अर्धं टोमणा म्हणून. लग्न तिनं केलं नाही. कोणी खोदून विचारलं तर म्हणायची, "दिवसभर लोकांना एकमेकांशी जोडून देते. घरी येऊन आणखी कोणाला कोणाशी जोडू?"

चौतीस वर्षं ती हेडफोन लावून बसली. आवाज असा खणखणीत की फोनवर ऐकणाऱ्याला ती पस्तिशीची वाटावी. साठीनंतर संधिवातानं हात धरले. बोटं आधी सुजली, मग वाकली, मग वाकडीच राहिली. आवाजाला मात्र काही झालं नाही. तिच्याशी दाराआडून बोलणारा माणूस हमखास फसायचा.

आमच्याकडे तेव्हा जुनी पद्धत होती. पासष्ट पूर्ण झाली की वाढदिवसाला पोस्टानं एक कार्ड यायचं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दोन तास मदतनीस. अर्ज नाही, चौकशी नाही, कोणाच्या हातापाया पडणं नाही. ताईकडे जी बाई यायला लागली ती ठोक्याला साडेआठला बेल वाजवायची, म्हणून ताईनं तिचं नावच 'साडेआठ' ठेवलं. ती बाईही त्या नावाला ओ द्यायची. ती ताईला अंघोळ घालायची, कपडे चढवायची, केस विंचरायची, दिवसभराचं जेवण हलक्या भांड्यांत काढून ठेवायची आणि बरण्यांची झाकणं सैल करून जायची. त्या दोन तासांवर ताई उरलेले बावीस तास आपल्या घरात आपल्या मनानं राहायची. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, समोर बसडेपो, आणि कुठली बस उशिरा निघाली याची नोंद ठेवणारी ताई. ते घर सोडून तिला कुठेही जायचं नव्हतं. माझ्याकडेही नाही. हे तिनं मला आणि माझ्या बायकोला तोंडावर सांगितलं होतं.

तिच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बिस्किटांच्या कारखान्याचे मालक राहायचे. साडेआठ ताईकडून निघाली की त्यांच्याकडे जायची. ताईला याची भारी मौज वाटायची. "आधी माझं, मग त्यांचं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. मला ते डोळ्यात सलायचं. घरात दोन नोकर ठेवू शकणाऱ्या माणसाला सरकारनं मदतनीस का द्यावी? आणि मी पाहिलं होतं ना. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक गवंडी, कमरेखाली लुळा, सकाळची बाई गेली की दुसऱ्या सकाळपर्यंत ओल्या चादरीत पडलेला. त्याला दोन तास आणि बिस्किटवाल्यांनाही दोनच तास. याला न्याय म्हणायचं?

हे मी ताईला एकदा तावातावानं सांगितलं. ती खिडकीत बसून ऐकत होती.

"त्या गवंड्याला जास्त द्या की. कोण नको म्हणतंय?" ती म्हणाली.

"माणसं कुठून आणायची? कोणाचं तरी काढूनच द्यावं लागणार."

"बिस्किटवाल्यांना मिळतंय ना, तोवर माझ्याकडे कोणी वाकड्या नजरेनं बघत नाही, साहेब. त्यांचं बंद कर. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात भेटले की ते माझे हात बघायला लागतील. हिला खरंच लागते का मदत, म्हणून."

मी हसलो. तिला कारभारातलं काय कळतं, असं मनात म्हणालो. आज वाटतं, आमच्या अख्ख्या विभागात तेवढं कोणाला कळत नव्हतं.

नवी पद्धत आली तेव्हा फॉर्म तयार करायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते जीव ओतून केलं. ज्याला गरज त्याला मदत, आणि गरज डोळ्यांनी दिसली पाहिजे. तीस प्रश्न. उठता येतं का, बसता येतं का, बटण लावता येतं का, भांडं उचलता येतं का. तपासणीसानं घरी जायचं, समोर करून दाखवायला सांगायचं आणि दिसेल तेच लिहायचं. वशिला नाही, रडारड नाही.

एक अडचण उरली होती. घरची माणसं. पहिल्या काही महिन्यांत लोकांनी आम्हाला चांगलंच नाचवलं. एका मुलानं धडधाकट बापाला लंगडायला शिकवलं होतं. म्हातारा दार उघडायला आला तेव्हा डाव्या पायानं लंगडत होता आणि आम्हाला पोचवायला आला तेव्हा उजव्या. मुलगा मागून त्याला डोळे वटारून दाखवत होता. ऑफिसात आठवडाभर हसलो आम्ही. आणि मग मी फॉर्मच्या डोक्यावर एक ओळ घातली: भेटीच्या वेळी नातेवाइकांनी हजर राहण्यास हरकत नाही, मात्र बोलू नये, बोलल्यास भेट रद्द समजावी. फॉर्मच्या पहिल्या आवृत्तीत 'घरच्यांचे म्हणणे' असा रकाना होता, तो काढून टाकला. मदतनिसांनाही विचारायचं नाही असं ठरवलं, कारण त्यांची नोकरी त्यावर अवलंबून. विभागप्रमुखांनी बैठकीत माझी पाठ थोपटली. मी घरी न जाता थेट ताईकडे गेलो आणि तिला छापील फॉर्म दाखवला. तिनं तो वाकड्या बोटांत धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. "अक्षर चांगलं आलंय छपाईत," एवढंच म्हणाली. पण नंतर शेजारणींना 'माझ्या भावानं केलेला फॉर्म' म्हणून सांगत होती, हे मला साडेआठकडून कळलं.

तिच्या तपासणीची पाळी आली ती थंडीत. ती माझी बहीण, म्हणून मला तपासणीस म्हणून जाता येणार नव्हतं. विभागातली सगळ्यांत चोख मुलगी पाठवली, माझ्याच हाताखाली तयार झालेली. ताईनं मला फोन केला. "तू ये. नुसता बस. मला बरं वाटेल."

मी गेलो तेव्हा घर लखलखत होतं. साडेआठ बाईला तिनं त्या दिवशी आठलाच बोलावून, तपासणीस यायच्या आत साडेनऊला परत पाठवलं होतं. केस नीट बांधलेले, अंगात निळा स्वेटर, समोर मोठाली बटणं. पाणी प्यायला मी स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यावर दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट पडलं होतं. परवा मीच आणून दिलेलं. दिवसाला एक घ्यायची, तर त्यातल्या पाच गेलेल्या. मी ते पाकीट हातात घेऊन उभा राहिलो. तेवढ्यात बेल वाजली.

मुलगी आली, बसली, नमस्कार-चमत्कार झाले. तिनं नियमाप्रमाणे डोक्यावरची ओळ मोठ्यानं वाचली. वाचताना माझ्याकडे बघून जरा ओशाळली. मी मान हलवली, वाच म्हणून.

"आजी, सकाळी तुमचं तुम्हाला उठता येतं?"

"आजी कोणाची? अजून मला कोणी आजी केलं नाही," ताई म्हणाली आणि मुलगी हसली. "येतं की. सहाला उठते. पहिली बस सहा दहाला सुटते, ती चुकवत नाही मी."

खोटं. उठून बसायलाच तिला अर्धा तास लागायचा, खाटेच्या कडेला दोरी बांधून घेतली होती तिनं.

"अंघोळ?"

"रोज."

"तुमची तुम्ही?"

"मग काय, डेपोतली माणसं येतात?"

मुलगी पुन्हा हसली. ताईच्या त्या आवाजाला ती पहिल्या पाच मिनिटांत भुलली होती. भांडं उचलून दाखवा म्हटल्यावर ताईनं उचललं. दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून, बोलत बोलत, असं सहज की काही वेगळं आहे हे जाणणाऱ्यालाच कळावं. भांड्यात पाणी किती आहे हे कोणी बघितलं नाही. तिनं आधीच तळाशी घोटभर ठेवलं होतं.

मग बटण आलं. बाविसावा प्रश्न.

"एक बटण काढून परत लावून दाखवाल?"

ताईनं एक्स्चेंजमधली हकिगत काढली. एक नवराबायको एकाच वेळी एकमेकांना फोन लावत होते आणि दोघांनाही 'लाइन व्यस्त आहे' असं ऐकू येत होतं, आणि दोघंही ताईला शिव्या देत होते की आपला माणूस कोणाशी एवढं बोलतोय. ती हे रंगवून सांगत होती आणि खाली तिचे हात काम करत होते. बटण काढणं सोपं होतं, भोक तिनं मोठं करून घेतलं होतं. लावायला वेळ लागला. अंगठा थरथरत होता. वरच्या ओठावर घाम आला होता, त्या थंडीत. हकिगत संपायला आली तरी बटण जाईना, म्हणून तिनं तीत नवऱ्याची आईही घातली. शेवटी बटण गेलं. ताईनं हात मांडीवर ठेवले आणि एकावर एक दाबून धरले.

मुलगी हकिगतीला हसत होती. तिनं कागदावर खूण केली.

मी भिंतीजवळच्या खुर्चीत बसलो होतो. पाच गोळ्या, दोरी, तळाशी घोटभर पाणी, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. फार तर भेट रद्द झाली असती, पुन्हा कधीतरी दुसरं कोणी आलं असतं. पण मला वाटलं, ज्यानं नियम केला त्यानंच मोडला तर उद्या ही मुलगी कोणाच्या तोंडाकडे बघून तो पाळेल? हे वाटलं हे खरं. आणखी एक खरं आहे, ते सांगतोच. ऑफिसात माझं हसं होईल याची मला भीती वाटली. मी गप्प बसलो.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मदतीची आवश्यकता आढळली नाही. बिस्किटवाल्यांनाही तसंच पत्र आलं होतं, त्यांनी दुसऱ्याच दिवशी पगारी बाई ठेवली. साडेआठचा ताईकडचा शेवटचा दिवस होता तेव्हा मी मुद्दाम गेलो. ती निघताना जिन्यात थांबली.

"साहेब, तुम्ही होतात ना त्या दिवशी तिथं?"

"होतो."

"तीन वर्षं मी त्यांची बटणं लावतेय. मला एका शब्दानं कोणी विचारलं नाही." एवढं बोलून ती खाली उतरून गेली.

निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत दाद मागता यायची. त्यासाठी माणसानं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं होतं की मला अमुक करता येत नाही, तमुक करता येत नाही. ती भाषाही माझीच. मी कागद घेऊन ताईकडे गेलो, एकदा, दोनदा, चारदा. विनवलं, रागावलो, बायकोला पाठवलं. ताई कागदाला हात लावेना. "मी दाखवलं ना करून? आता उलटं लिहू? त्या पोरीला खोटी पाडू?"

मग मी रोज ऑफिसच्या आधी तिच्याकडे जायला लागलो. न्याहारी मांडायचो, झाकणं सैल करायचो. अंघोळीचं नाव काढलं की ती दाराकडे बोट दाखवायची. ते कळण्यासारखं होतं. पण ती कपडे घालून तयारच असायची, आणि आठवड्यानं माझ्या ध्यानात आलं की ती रात्री कपडे बदलतच नाही.

"ताई, साडेआठच्या जागी मला समज," मी म्हणालो.

"कसं समजू? ती यायचीच. तिचं काम होतं ते, माझा हक्क होता. मी पडून राहिले तरी तिला काही वाटायचं नाही आणि मला काही वाटायचं नाही. तू येतोस ते धावत येतोस, बस चुकवून येतोस, घड्याळ बघत बसतोस. मग मला तुझ्यासाठी बरं दिसावं लागतं. पहाटेपासून तेच करत असते मी."

मला तिचा राग आला. उपकाराची भाषा कुठून आली भावाबहिणीत, असं काहीतरी मी बोललो. ती म्हणाली, "तीच तर नको होती मला."

तीस दिवसांची मुदत गेली. त्यानंतर अकराव्या दिवशी ताई न्हाणीघरात पडली. तिला माझ्या येण्याआधी अंघोळ उरकायची होती. मी दार वाजवलं तेव्हा आतून तिचा आवाज आला, तोच खणखणीत, "थांब जरा, येतेच." पाच मिनिटं मी बाहेर उभा राहिलो. त्या आवाजाला मीही फसलो. शेवटी शेजाऱ्यांकडची किल्ली आणून दार उघडलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळातून तिला घरी पाठवायला डॉक्टर तयार नव्हते. तिसाच्या तीस प्रश्नांत ती आता बसत होती, कुठल्याही तपासणीसाला शंका आली नसती. पण आता दोन तासांनी भागणार नव्हतं. वृद्धनिवासात जागा मिळाली. तीन खोल्या मी रिकाम्या केल्या आणि किल्ली परत केली. किल्ली दिल्याचं सांगितलं तेव्हा ताईनं फक्त विचारलं, "पडदे काढलेस ना? धुऊन ठेव."

निवासात एका खोलीत दोन खाटा होत्या. ताईची भिंतीकडची. शेजारची बाई बहुतेक वेळ झोपलेली असायची. मी दर रविवारी जायचो, सफरचंद चिरून द्यायचो, ऑफिसातल्या गंमती सांगायचो. एका रविवारी शेजारच्या बाईला तिची मुलगी बाहेर फिरवायला घेऊन गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. मी सुरी खाली ठेवली आणि विचारलं.

"ताई, त्या दिवशी असं का केलंस? एवढा कसला अभिमान?"

"अभिमान कसला डोंबलाचा," ताई म्हणाली. "तुझ्या ऑफिसातली पोर, तुझ्याच हाताखालची. तिनं बिस्किटवाल्यांचं बंद केलं असतं आणि माझं चालू ठेवलं असतं, तर लोक काय म्हणाले असते? साहेबानं बहिणीची सोय लावली. इमारतीत म्हणाले असते, तुझ्या ऑफिसात म्हणाले असते. एवढी वर्षं तुला कोणी नाव ठेवलं नाही. माझ्या दोन तासांपायी ठेवावं? मला वाटलं, निभावून नेईन कसंतरी."

तिनं स्वतःचं घर घालवलं होतं ते माझ्या नावासाठी. आणि मी खुर्चीत गप्प बसलो होतो तोही माझ्या नावासाठीच. माझ्या नावाची काळजी घेणारे आम्ही दोघं होतो, आणि तिची काळजी घेणारं त्या खोलीत कोणीच नव्हतं.

"पण तू कसा गप्प बसलास रे?" ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मला आपलं वाटत होतं, हा आता मध्ये बोलेल. आता बोलेल. लहानपणी तर तुझं तोंड मिटायचं नाही. बोलला असतास तर मी चिडले असते तुझ्यावर. पण बरं वाटलं असतं."

"मनाई होती, ताई. तिनं वाचून दाखवलं नव्हतं का?"

"ते ऐकलं मी. पण असला नियम केला तरी कोणी? घरच्यांनी बोलायचं नाही, तर मग बोलायचं कोणी?"

तिनं माझ्याकडे बघितलं. खरोखरच विचारत होती. फॉर्म माझा होता हे तिला माहीत होतं, तो तिनं वाचलाही होता, पण ती ओळ मला सुचली असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"वरून आला होता," मी म्हणालो.

"असं होय," ताई म्हणाली. तिनं आपला वाकडा हात उचलून माझ्या हातावर ठेवला. "मग तुझा काय इलाज, बाळ. उगीच मनाला लावून घेऊ नकोस."

त्या खोलीत बोलायला मला कुणाची मनाई नव्हती. तरी मी बोललो नाही. पुढच्या रविवारी सांगू, असं ठरवून उठलो. त्यानंतर मला पाच रविवार मिळाले. पाचही वेळा मी तिला सफरचंद चिरून दिलं आणि घरी आलो.